चित्रांखालच्या ओळी

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकवीस वर्षं झाली. माझा दिवस जातो दोर, चाकं आणि दारांमध्ये, आणि बंद होणाऱ्या दारात मुद्दाम पाय घालणाऱ्या माणसांमध्ये. पण जीव विचाराल तर तो दुसरीकडेच अडकलेला: व्हिडिओ गेम, अ‍ॅनिमे आणि इंटरनेटची यंत्रं. खेळायचं, बघायचं, स्क्रू काढून आत डोकवायचं आणि रविवारी दुपारी जेवण झालं की त्यावर काहीबाही लिहायचं. अकरा वर्षं मी एका फुकटच्या साइटवर असा ब्लॉग चालवला.

काहीबाही म्हणजे खरंच काहीबाही. मासे पकडायचा एक गेम होता. त्यात तासभर गळ टाकून बसलं तरी मासा लागेलच असं नाही. त्यावर माझे चार लेख. एका अ‍ॅनिमेच्या अख्ख्या एका भागात दोन बहिणी नुसते कपडे वाळत घालतात, आणि मला तो भाग इतका आवडला की मी त्यातल्या चिमट्यांवरसुद्धा लिहिलं. राउटर कपाटामागे कोंबू नका, त्यालाही हवा लागते, असं मी लोकांना कळकळीने सांगायचो. मी तज्ज्ञ नव्हतो. चार गोष्टींची माहिती आणि आठ गोष्टींबद्दल मत, असा माझा कारभार.

वाचक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि तेही एकाच हाताच्या. त्यात एक माझी बायको. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे नजर बारीक; ती लेख वाचायची ते माझ्या वेलांट्या पकडायला. आई आमच्याकडेच असते. ती वाचायची नाही, पण तिचं मत ठाम होतं. "चाळिशी उलटली तरी ह्याचं कार्टून काही सुटत नाही," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना जरा कौतुकच करायची.

पाच वर्षांपूर्वी मला एक मेल आली. पाठवणाऱ्याने नावाच्या जागी 'कानसेन' एवढंच लिहिलं होतं.

"आपले लेख मी नेमाने ऐकतो," त्यांनी लिहिलं होतं. "एक विनंती आहे. लेखात चित्र आलं की माझा कॉम्प्युटर नुसतं 'चित्र' म्हणतो आणि पुढे जातो. त्यात काय आहे ते एका ओळीत लिहाल का? मी आंधळा आहे. पियानो सुरात लावणं हा माझा धंदा."

मी गडबडलो. उत्तरात लिहिलं की नक्की लिहीन, पण आपण व्हिडिओ गेमबद्दल ऐकता याचं नवल वाटलं. दहा मिनिटांत उलट टपाली उत्तर हजर.

"नवल कसलं? मारामारीच्या गेममध्ये प्रत्येक लाथेचा आवाज वेगळा असतो. डावीकडून आली तर डाव्या कानात वाजते. मी खेळतो आणि बऱ्यापैकी जिंकतो. तुमच्या त्या तळ्यातल्या माशाचं मात्र काही कळत नाही, म्हणून तुमच्या दारात आलो."

पुढच्या रविवारी मी लेखातल्या चित्राखाली ओळ टाकली: 'तळ्याकाठी एक माणूस.' लगेच मेल. "माणूस उभा आहे की बसलाय? उजेड कुठून येतोय? आणि तळं केवढं? पलीकडे हाक मारली तर ऐकू जाईल एवढं, की नाही?"

"चित्र बघायचं नाही आणि चौकशा केवढ्या!" मी बायकोसमोर कुरकुरलो.

ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "बरोबर विचारतोय तो. मी रिपोर्टवर 'काहीतरी लाल दिसतंय' असं लिहून दिलं तर चालेल का?"

मी गेम परत सुरू केला आणि तळ्याकडे बघत बसलो. माणूस बसलेला होता. एक पाय पाण्यात, दुसरा दगडावर. उजेड मागून येत होता, म्हणून त्याची सावली गळापर्यंत पोचली होती. शंभर तास तो गेम खेळून मला ती सावली दिसली नव्हती. मी ते सगळं लिहिलं. त्यावर दोनच शब्दांचं उत्तर आलं: "आता कसं!"

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. नव्या लेखात तर मी लिहायचोच, पण जुन्या लेखांतल्या चित्रांखालीही सवडीने ओळी घालत गेलो. कधी कधी तर लेख दहा ओळींचा आणि चित्राची हकीकत वीस ओळींची. बायको म्हणायची, शेपटीच मांजर झाली.

याचा उपयोग मला भलत्याच ठिकाणी झाला. एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतला दिवाही गेला. आत एक बाई एकटीच. मी पोचलो तेव्हा ती दार बडवत होती. एरवी मी ओरडून सांगितलं असतं, 'घाबरू नका, पाच मिनिटं लागतील,' आणि असं सांगितलं की माणूस हमखास घाबरतं. त्या दिवशी आतल्या फोनवरून मी वेगळंच बोलायला लागलो. "तुमच्या उजव्या हाताला, कोपराच्या उंचीवर बटणांची पाटी आहे. गार लागेल. तिथून हात तसाच मागे न्या, कमरेएवढ्या उंचीवर आडवा दांडा येईल, तो धरा. आता मागची भिंत दोन पावलांवर आहे, तिला पाठ टेका. तिच्यावर आरसा आहे, डोक्याच्या जरा वर संपतो. छताला चार भोकं आहेत, त्यातून हवा येतेय." दार बडवणं थांबलं. बाहेर आल्यावर ती बाई म्हणाली, "तुम्ही बोलत होता ना, मला अंधारात लिफ्ट दिसायला लागली हो."

घरी आल्यावर मी कानसेनांना मेल करून हे सगळं कळवलं आणि मनापासून आभार मानले. त्यांनी लिहिलं, "आनंद आहे. आभारांचं राहू दे, त्या कपडे वाळवणाऱ्या बहिणींपैकी मोठी कोणती ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही."

मग गेल्या वर्षी एका सोमवारी, डबा खाता खाता मी फोनवर माझा ब्लॉग उघडला तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: ही सेवा बंद झाली आहे.

मला वाटलं, नेट गेलं असेल. फोन बंद करून चालू केला. इमारतीच्या गच्चीवर जाऊन बघितलं. तीच ओळ. संध्याकाळी शोधाशोध केल्यावर कळलं की साइटवाल्यांनी तीन महिने आधी सगळ्यांना सूचना पाठवली होती. माझी सूचना माझ्या जुन्या मेलच्या पत्त्यावर जाऊन पडली होती, आणि तो पत्ता मी कधीच सोडला होता. तीनशे शहाऐंशी लेख. सगळे गेले.

दुसरी प्रत? ठेवली नव्हती. गंमत म्हणजे 'प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत ठेवा' या विषयावर मी तीन लेख लिहिले होते. तेही त्यातच गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

जुनी पानं जपून ठेवणाऱ्या साइट इंटरनेटवर असतात. तिथे आठवडाभर उकरल्यावर माझे नऊ लेख सापडले, त्यातले दोन अर्धे.

या गोष्टीचं इतकं वाईट वाटेल असं मला वाटलं नव्हतं, आणि वाईट वाटतंय याची लाजही वाटत होती. कोणाला सांगणार? घर पडलं नाही, नोकरी गेली नाही, माणूस गेलं नाही. मासे आणि चिमट्यांवरचं लिखाण गेलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "अरे, चेहरा बघ आरशात. कोणी गेलं का आपलं?" बायको मात्र 'परत लिही' असं म्हणाली नाही. ती दोन दिवस माझ्या बाजूला बसून तिला आठवत होते त्या लेखांची यादी करत राहिली. तिला माझ्या चुका आठवत होत्या, त्यावरून लेख. "ज्यात तू 'विजेता' दीर्घ वी काढून लिहिलं होतंस तो," असं. एकशे दहा निघाले. त्या यादीकडे बघून मला पहिल्यांदा कळलं की वेलांट्या पकडायच्या निमित्ताने तिने प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचला होता.

कानसेनांना कळवायचं राहिलं होतं. नवव्या दिवशी मी मेल लिहिली: ब्लॉग बंद पडला, लेख गेले, इतकी वर्षं आपण ऐकलंत, लोभ असावा. खाली माझा फोन नंबर टाकला, का कोण जाणे.

अर्ध्या तासात फोन वाजला.

"लिफ्टवाले का?" आवाज जाड, थोडा घाईतला. "मी कानसेन. अहो, गेले काय म्हणता? माझ्याकडे आहेत."

"काय आहे?"

"लेख. तुमची ती साइट म्हणजे ताप होता हो. उघडली की माझा कॉम्प्युटर आधी बासष्ट बटणं वाचून दाखवायचा. शेअर करा, लाइक करा, इथे दाबा, तिथे दाबा. कान किटले. म्हणून मी प्रत्येक लेखाचा नुसता मजकूर उचलून साध्या फाइलमध्ये ठेवायचो. तुम्ही जुन्यात काही घातलंत की परत उचलायचो. सगळे आहेत. तीनशे पंच्याऐंशी."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. आणि माणसाने अशा वेळी बोलू नये तेच बोललो. "शहाऐंशी होते."

"एक मी पुसला," कानसेन म्हणाले. "रागाने. तुम्ही लिहिलं होतंत की गेममधला आवाज म्हणजे नुसती सजावट, बंद करून खेळलं तरी काही बिघडत नाही."

"बरं केलंत," मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. माझ्या हसण्यात थोडं रडणंही मिसळलं होतं. त्यांच्या कानांना ते कळलंच असणार.

"मेलने आत्ता पाठवू शकतो," ते म्हणाले. "पण इतक्या वर्षांची ओळख, एकदा या की. रविवारी सकाळी मी सभागृहात असतो. संध्याकाळी कार्यक्रम आहे, पियानो लावायचाय."

रविवारी मी गेलो. मोठं सभागृह, सगळ्या खुर्च्या रिकाम्या, आणि स्टेजवर एकच दिवा लागलेला. तोही सफाईवाल्याने स्वतःसाठी लावला होता. पियानोचं झाकण उघडं. पुढे साठीच्या पुढचे एक गृहस्थ, अंगाने बारीक, बाह्या वर केलेल्या. शेजारच्या तारा वाजू नयेत म्हणून तारांमध्ये लोकरीची लाल पट्टी खोचलेली, हातात सूर लावायची चावी. ते एक सूर वाजवायचे, चावी केसभर फिरवायचे, परत वाजवायचे. मला दोन्ही सूर सारखेच वाटले. त्यांना नव्हते वाटत.

"उजवा बूट करकरतोय तुमचा," ते मान न वळवता म्हणाले. "या."

मी जवळ जाऊन नमस्कार केला, बोलायला लागलो, तर ते मध्येच थांबवून म्हणाले, "जरा थांबा, मला सवय करू दे. फोनवर एकदा ऐकलंय, पण अजून पटत नाही. माझा कॉम्प्युटर बाईच्या आवाजात वाचतो. इतकी वर्षं तुम्ही मला एक शांत, जरा नाकात बोलणारी बाई म्हणून ऐकू येत होता. माशांबद्दल फार जिव्हाळ्याने बोलायची हो ती."

"निराशा झाली का?"

"थोडी," ते म्हणाले आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला. मग माझी बोटं त्यावर मिटवली, लहान मुलाच्या हातात काही द्यावं तशी.

मी आभार मानायला लागलो. त्यांनी चावी खाली ठेवली. "हे बघा," ते म्हणाले, "बायको गेल्यावर मला कोणी काही दाखवत नव्हतं. लोक मदत करतात, रस्ता ओलांडून देतात, पण 'अहो, हे बघा' असं कोणी म्हणत नाही. तुम्ही दर रविवारी म्हणायचात. आता हिशेब मांडत बसू नका. ती पट्टी काढून माझ्या हातात द्या."

मी लाल पट्टी काढून दिली.

घरी येऊन मी पेन ड्राइव्ह लावला. तीनशे पंच्याऐंशी फाइली, तारखेनुसार ओळीत. मजकूर सगळा होता. चित्रं अर्थातच नव्हती. ठेवली असती तरी कानसेनांना त्यांचा काय उपयोग? गेममधली चित्रं परत काढता येतात, त्याची मला फिकीर नव्हती. पण स्क्रोल करता करता मी एका लेखाशी थबकलो. आमच्या घरातल्या पहिल्या गेमच्या यंत्राबद्दलचा लेख. त्यात बाबांचा एक फोटो होता. मूळ फोटो ज्या फोनमध्ये होता तो लिफ्टच्या खड्ड्यात पडून केव्हाच संपला, आणि बाबा त्याच्याही आधी, सहा वर्षांपूर्वी गेले. तो फोटो फक्त त्या ब्लॉगवर होता.

फोटो नव्हता. खाली मी कानसेनांसाठी लिहिलेल्या ओळी होत्या. आई बाजूलाच भाजी निवडत बसली होती. मी मोठ्याने वाचलं.

"बाबा सोफ्याच्या कडेवर बसलेत, अर्धे बाहेर, जणू आत्ता कोणी उठवणार आहे. हातात कंट्रोलर, पण उलटा, वायर त्यांच्या पोटाकडे. चष्मा कपाळावर. जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलंय. बनियनला खांद्याशी बोटभर भोक. खिडकीतून दुपारचं ऊन येतंय आणि त्यांच्या उजव्या कानातून आरपार जातंय, त्यामुळे कान लाल दिसतोय. मागे दारात आईचा फक्त हात दिसतो, त्यात कपबशी. ती आत येत नाहीये. त्यांचा डाव संपायची वाट बघतेय."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"थांबले होते मी," ती म्हणाली. "तुला दिसलं होतं होय रे ते? चहा गार झाला होता पार. म्हटलं, हरू दे एकदा, मग देऊ. तर हरेचना मेला." मग थोड्या वेळाने, "कान लाल दिसायचेच त्यांचे. मी विसरलेच होते बघ. परत वाच."

मी परत वाचलं. बायको आतून येऊन दाराशी उभी राहिली. तिसऱ्यांदा तिने वाचलं.

फोटो असता तर आम्ही तो बघितला असता, 'छान आहे' म्हटलं असतं आणि पुढे गेलो असतो. असं माझं मत. खात्री नाही. फोटो हवा होता, हे तर आहेच. पण पाच वर्षांपूर्वी एका परक्या माणसाने उजेड कुठून येतोय असं विचारलं नसतं, तर त्या ओळीत 'बाबा गेम खेळताना' एवढेच तीन शब्द असते.

नवी साइट उभारायला दोन महिने गेले. यावेळी बटणं बासष्ट नाहीत, चार आहेत. दुसरी प्रत आहे, तिसरी बायकोच्या कपाटात आहे. आणि कानसेनांना आम्ही घरी जेवायला बोलावलं.

ते आले, जेवले, आईच्या हातची भाजी दोनदा मागून घेतली. मग हात पुसत म्हणाले, "आता तो मारामारीचा गेम काढा बघू." मी काढला. टीव्हीसमोर खुर्ची सरकवायला गेलो तर म्हणाले, "मला टीव्ही कशाला? स्पीकर कुठे आहेत ते सांगा, बरोबर मध्ये बसवा." पहिला डाव मी जरा हातचं राखून खेळलो. एकोणीस सेकंदांत आडवा झालो. दुसरा डाव जीव तोडून खेळलो. बावीस सेकंद.

"तुम्ही उडी मारायच्या आधी कायम एकदा मागे सरकता," त्यांनी समजावलं. "बुटासारखाच आवाज येतो."

बायको चार डाव हरली. आई सोफ्यावरून ओरडून त्यांना प्रोत्साहन देत होती. पोटच्या पोराला नाही, त्यांना. "हाणा!" म्हणत होती. कानसेन इतके हसत होते की माझ्याबरोबरच्या पुढच्या डावात त्यांना ठसका लागला. तेवढ्यात मी एकदा जिंकलो, तो डाव कोणी धरला नाही.

संध्याकाळी मी त्यांना खाली सोडायला निघालो. आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याकडेच देखभालीला आहे, आणि ती मला पाठ आहे. तिसरा मजला गेला तसे ते म्हणाले, "इथे काहीतरी घासतंय. डावीकडे, खालच्या बाजूला. बारीक आहे."

"मागच्याच महिन्यात बघितलंय मी," मी म्हणालो.

"बघितलं असेल," कानसेन म्हणाले.

सोमवारी कामावर जाण्याआधी मी खड्ड्यात उतरलो. डावीकडच्या रुळाला धरून चालणारी खालची पट्टी एका कडेने झिजली होती, नखाएवढी. अजून दोन महिने तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं. मी ती बदलली आणि वर येऊन, हात पुसायच्या आधीच त्यांना फोन लावला.